तळपायांच्या मुलखात

नगर जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं लगेच विचारतात, "शिर्डी झाली का?" झाली नाही. शिंगणापूर झालं नाही, भंडारदरा झालं नाही. "मग एवढ्या उन्हाचं गेलात तरी कशाला?" लोकांचे पाय बघायला गेले होते, असं म्हटलं की समोरचा माणूस जरा वेळ माझ्याकडे बघतो आणि चहाचं विचारतो. म्हणून हे लिहिते आहे. एकदा सगळं लिहून टाकलं म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. सांगून दमले आहे.

मी पुण्यातल्या एका इस्पितळात जखमा बांधायच्या खोलीत परिचारिका आहे. मूळची गुहागरकडची. बहात्तर साली पावसानं पुन्हा दगा दिला आणि नगरच्या पूर्वेकडची गावंच्या गावं सरकारी दुष्काळी कामांवर जाऊन बसली. खडी फोडायची, नाले बांधायचे, पाझर तलावाची माती उपसायची. आमच्या ओळखीच्या एका मंडळानं तिकडे औषधांच्या पेट्या धाडल्या होत्या. तापाची, जुलाबाची, डोळ्यांची औषधं होती. पण कामांवरून निरोप येऊ लागले की माणसं तापानं नाही, पायांनी खाली बसतायत. कुणाच्या टाचा फाटल्या, कुणाच्या पायात काटा मोडून पू झाला. एक दिवस खाडा झाला की घरात तेवढं धान्य कमी. मंडळाच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "फक्त पायांचं बघायला जाल का?" मी रजा काढली.

बेलापूर

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात मला रूथबाई भेटल्या. पुढचा सगळा प्रवास त्यांच्या सोबतीनं झाला. मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, तिथंच जन्म काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्सबाई. नवरा शाळामास्तर होता, तो वारलेला. अंगानं धिप्पाड आणि आवाज असा, की पलीकडच्या आळीत भाकरी थापणाऱ्या बाईचा हात थांबावा.

संध्याकाळी त्यांनी मला हुलग्याची शेंगोळी वाढली. लसणीची फोडणी दिलेला तो दाट, तिखट रस्सा मी पहिल्यांदाच खाल्ला. आमच्याकडे कुळथाचं पिठलं करतात. धान्य तेच, पण हे प्रकरण वेगळंच. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. जेवण झाल्यावर रूथबाई उंबऱ्यावर बसल्या आणि पाय धुऊ लागल्या. तांब्याभर पाण्यात दोन्ही पाय धुतले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या केल्या, टाचांना करडईचं तेल चोळलं. पन्नाशी उलटलेल्या आणि सगळा जन्म उभ्यानं काढलेल्या बाईचे एवढे नेटके पाय मी पाहिले नव्हते. नखं सरळ रेषेत कापलेली.

"कोपरे कोरायचे न्हाईत, ताई," त्या म्हणाल्या. "कोपरा कोरला की नख आत शिरतं. मग बसा नखुरडं घेऊन."

मला हे ठाऊक होतं, रोज मी हेच सांगते. पण सांगणारी बाई स्वतः तसं वागताना बघून बरं वाटलं. मी माझ्या नखांकडे पाहिलं आणि पाय साडीखाली ओढून घेतले.

सकाळी मंडळाची जीप आली. चालवणारे गफूरभाई, बारीक अंगाचे, अबोल. त्यांच्या उजव्या पायाच्या चवड्याखाली कुरूप होतं आणि ते ब्लेडनं तासायचे. रूथबाईंनी गाडीत बसण्याआधी ते ब्लेड मागून घेतलं आणि गटारात टाकलं. "गरम पान्यात भिजवा, वजरीनं घासा. रगत काडू नका," एवढंच म्हणाल्या. गफूरभाईंनी गटाराकडे एकदा खेदानं बघितलं आणि गाडी सुरू केली.

देवळाली प्रवरा

कोरड्या मुलखात जायचं म्हणून निघाले होते आणि पहिले पाय भेटले ते पाण्यात कुजलेले.

देवळालीच्या भोवती ऊस. दुष्काळातही पाटाला थोडं पाणी होतं, पाळीपाळीनं सोडत होते. पाळी आली की माणूस चिखलात उभा. बारं देणाऱ्या, म्हणजे उसाला पाणी पाजणाऱ्या बहुतेकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. कातडी पांढरी, फुगलेली, खाली लाल मांस. आम्ही उतरलो त्या घरचे तात्या बागायतदार होते, दारात बैलजोडी, अंगणात नवा पंप. त्यांच्याही चिखल्या गड्यांसारख्याच होत्या. चिखलाला मालक-गडी कळत नाही.

"औषध लावून बी जात न्हाईत," ते म्हणाले.

"औषध लावल्यावर काय करता?"

"काय करनार? बूट घालून परत रानात."

ओले पाय, ओला बूट. मी त्यांना बूट उन्हात ठेवायला सांगितलं. पाय धुतल्यावर बेचक्या पुसायच्या, बोटांमध्ये कापूस घालून झोपायचं आणि घरात असाल तोवर पाय उघडे. त्यांना वाटलं होतं, पुण्याची बाई सुई टोचेल. जांभळं औषध लावून घेताना त्यांची निराशा लपत नव्हती.

आतल्या घरात त्यांच्या पत्नी कौसाबाई पाय पसरून बसल्या होत्या. टाचांच्या भेगा इतक्या खोल की त्यांत बाजरीचा दाणा उभा राहावा. शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांनी बिब्बा तापवून त्याचं तेल भेगांत सोडलं होतं. भेगा राहिल्या बाजूला, घोट्यापर्यंत फोड उठले होते.

"आय गं, काय आग हुती म्हनून सांगू," त्या म्हणाल्या. "पर भेग जळून जाती म्हनतात."

"भेग जळत नाही, तुम्ही जळता," मी म्हणाले. फोड न फोडता बांधले. फोड बरे झाले की कोमट पाण्यात पाय बुडवायचे, मऊ झालेली कातडी वजरीनं हलकी घासायची, ओलसर असतानाच तेल चोळायचं आणि वर फडकं गुंडाळायचं, हे सगळं सांगितलं. बरोबर मी माहेरचं कोकमाचं तेल नेलं होतं. आमच्याकडे ते थिजवून त्याचे पांढरे मुटके करतात, थंडीत टाचांना, ओठांना लावतात. दोन मुटके ताटलीत ठेवून मी हात धुवायला गेले. परत येते तो घरातल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी त्यातला एक उचलून तोंडात टाकलेला. पुण्याहून बाई आली म्हणजे पेढे आणले असणार, अशी त्यांची समजूत. बिचारे थुंकायला लाजत होते. गिळून म्हणाले, "साखर कमी पडलीया."

त्या दौऱ्यात आम्ही पोट धरून हसलो ते तेवढंच.

राहुरी

राहुरीला एक रात्र थांबलो. शेतकी विद्यापीठाच्या नव्या इमारतींवरून पुढे मुळेच्या धरणाकडे गफूरभाईंनी गाडी नेली, म्हणाले बघून तरी घ्या. पाणी खूप आत गेलं होतं. काठाला जो गाळ उघडा पडला होता त्याला कौसाबाईंच्या टाचेसारख्या भेगा. मला त्या भेगांवरून चालत पाण्यापर्यंत जायची इच्छा झाली, आणि तिथेच माझी फजिती झाली. दौऱ्यासाठी मी नवे कापडी बूट घेतले होते. पुण्यात दोन जिने चढून-उतरून पाहिलं आणि बरे आहेत म्हटलं. परत येईस्तोवर दोन्ही टाचांवर पाण्यानं भरलेले फोड. दुसऱ्यांचे पाय बघायला निघालेली बाई लंगडत गाडीत चढली.

मुक्कामी रूथबाईंनी मला खाटेवर बसवलं आणि माझे पाय मांडीवर घेतले. मी लाजले. वयानं त्या थोरल्या.

"आवो, येशूनं शिष्यांचे पाय धुतले. मी तर मिशनची पेन्शनरीन," त्या म्हणाल्या. फोडाला हात न लावता भोवती मऊ कापसाची चकती बसवली आणि माझे बूट जीपमध्ये गफूरभाईंच्या आसनाखाली टाकले. उरलेला प्रवास मी जुन्या चपलांत केला.

त्या संध्याकाळी मी अतिशय थकले होते. खरं काम अजून सुरूही झालं नव्हतं.

खडीच्या कामावर

नगरवरून पूर्वेला वळलं की ऊस मागे राहतो, मग हिरवंही मागे राहतं. पाथर्डीच्या पुढे माळच माळ, मधूनच बाभूळ. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या दोन बायांची गोष्ट सांगायची आहे आणि त्यांना अजून तिथंच राहायचं आहे. आमच्या कोकणात पाहुणा आला की आधी त्याच्या पायावर पाणी घालतात. आम्ही उतरलो तिथल्या घरमालकीणबाईंनी अर्धा तांब्या पुढे केला आणि अवघडून विचारलं, "प्याला घेता, का पायावर?" प्यायला घेतलं.

कामावर शेकडो माणसं होती. बसून दगड फोडणारे वेगळे आणि फोडलेली खडी टोपल्यांनी रस्त्यापर्यंत वाहणारे वेगळे. वाहणाऱ्या बहुतेक बाया. दुपारी दगडाला हात लावावा तर पोळे, आणि त्यावरून त्या चालत होत्या. काहींच्या पायात टायरच्या वहाणा, काहींच्या चिंध्या, बऱ्याच जणी अनवाणी. आम्ही एका लिंबाखाली पेटी उघडली. पहिल्या दिवशी रीघ संपतच नव्हती. दगडाच्या कपच्या, बाभळीचे काटे, रुईचा चीक लावून सुजवलेले पाय, गुळाचा चटका दिलेले पाय, रक्त येणाऱ्या भेगा. चिमटा, गरम पाणी, मीठ, तेल-मेणाचं मलम, पट्टी. तेच ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी प्रत्येकीला तेच सांगत होते: काम सुटलं की खाली बसा, पाय उचला, तळवा बघा. रोज. दुखेपर्यंत थांबू नका. सांगता सांगता माझाच आवाज मला कंटाळवाणा वाटू लागला. रात्री डोळे मिटले की तळपायच दिसत.

तिथंच हौसा भेटली. पंचविशीच्या आतबाहेरची, तरतरीत. शेजारणीच्या पायात काटा होता म्हणून तिला धरून घेऊन आली होती. शेजारीण सीताबाई विव्हळत होती आणि ही तिला चेष्टेनं म्हणत होती, "बाळंतपनाला येवढी वरडली न्हाईस." काटा निघाला. दोघी वळल्या. रूथबाईंचं लक्ष खाली गेलं. हौसा उभी होती त्या दगडावर रक्ताचा ओला ठसा होता.

"ए पोरी, थांब. तुजा पाय बघू."

"मला काय झालंय?"

तिनं पाय उचलला. चवड्याखाली बोटभर खोल जखम, आत खडीची कपची रुतलेली. असा पाय माणूस टेकूसुद्धा शकत नाही. ही सकाळपासून टोपल्या वाहत होती.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"न्हाई वो. माजे पाय लई कणखर हायेत."

ती अभिमानानं म्हणाली. रूथबाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. सीताबाईला पुढे धाडून हौसाला झाडाच्या पलीकडे बसवलं. डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात पायावर फिरवली. "हात लावला की सांग." ती वाट बघत बसली. मी लावत होते, ती वाट बघत होती. गुडघ्याजवळ आल्यावर म्हणाली, "हं, आता लावला." नडगीवर एक फिकट चट्टा होता. तिथंही काही कळत नव्हतं.

तिनं डोळे उघडले आणि आमचे चेहरे बघितले. तिला सांगावं लागलं नाही.

"त्ये नाव घेऊ नका, बाई," ती म्हणाली. "सासूबाई मला घरात ठिवनार न्हाईत. मालक छावनीवर गेल्यात बैलं घिऊन. त्ये येईपतूर तरी नका."

तिचा नवरा ज्ञानोबा गुरांच्या छावणीत होता, चाऱ्यासाठी. घरी सासू आणि ती. सासूला, गंगूबाईला, आम्ही ओळखत होतो. खडी फोडणाऱ्यांत ती सगळ्यांत पुढे बसायची, तोंडानं फटकळ. पाय बघायला बोलावलं तेव्हा म्हणाली होती, "माजे पाय माज्यापाशी. तुमी तुमचे बघा."

रूथबाई खाली बसल्या आणि हौसाचा पाय मांडीवर घेतला. "आईक. हा महारोग हाय, खोटं सांगत न्हाई. पर ह्याला आता गोळ्या हायेत. लई दिस घ्याव्या लागतात, पर बोटं झडत न्हाईत, रोग पसरत न्हाई. तुला मोटा धोका रोगाचा न्हाई, ह्या पायाचा हाय. दुखत न्हाई म्हनून तू चालतीस, आन् चालतीस म्हनून पाय कुजतोय." मग त्यांनी विचारलं, "भाकरी हाय का गं?" हौसानं गाठोड्यातून रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी काढली. रूथबाईंनी तिच्या हातून अर्धी मोडून घेतली आणि चटणीशी खाल्ली, सावकाश, चावून. हौसा ते बघत राहिली. ती तेव्हा रडली.

जखम धुतली, बांधली. आता तिनं पाय टेकता कामा नये. बसून खडी फोडायला तिला बसवावं, तर तिच्या टोपल्या कोण उचलणार? काम टोळीचं होतं, मजुरी मोजून दिलेल्या खडीवर; टोळीत दोघी सासू-सुना, सीताबाई आणि आणखी काही बाया. मी गंगूबाईकडे गेले आणि म्हणाले, सुनेच्या पायात कपची गेली होती, जखम मोठी आहे, काही दिवस तिला बसून काम द्या.

"मंग टोपल्या तिचा बाप वाहील का?" गंगूबाई म्हणाली. पण उठली, सुनेपाशी आली. पट्टी सोडायला लावली. जखमेकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली. तिच्या कपाळावरचा घाम ओघळून हनुवटीपर्यंत आला तरी पुसला नाही.

"दुकतंय?" तिनं सुनेला विचारलं.

हौसानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लई दुकतंय, आत्याबाई." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

म्हातारीनं स्वतःचा हातोडा सुनेपुढे टाकला, रिकामी टोपली उचलली आणि खडीच्या ढिगाकडे निघाली. मी तिचं चालणं तेव्हाच प्रथम नीट बघितलं. प्रत्येक पाऊल ती पायरी चढल्यासारखं वर उचलत होती आणि फटकन खाली टाकत होती. पायांना जाड चिंध्या बांधलेल्या. अशी चाल मी इस्पितळात पाहिली होती.

तिथलीच दुसरी दुपार

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत माणसं सावली बघून आडवी झाली होती. कामावर सरकारकडून मिळणारी गूळ-पिठाची सुकडी वाटून झाली होती. रूथबाई गफूरभाईंबरोबर पाथर्डीला गेल्या होत्या, तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या महारोगाच्या डॉक्टरांना घेऊन यायला. मी पेटीला टेकून बसले होते, डोळे मिटत होते. समोर कुणीतरी बसल्याचं जाणवलं. गंगूबाई.

"मला बी बघा," ती म्हणाली.

चिंध्या तिनं स्वतःच सोडल्या. एका पायाला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं होतं. दुसऱ्याची बोटं आखडून खुंट झालेली. टाचेखाली कालच्या एका दिवसात पडलेली नवी जखम होती.

"गाडीचं चाक गेलं म्हनून सांगितलं सगळ्यास्नी," ती म्हणाली. "मालकाला बी त्येच. त्ये मेले तवर त्येंना त्येच ठावं. रातचं आंथरुनात बी चिंध्या सोडल्या न्हाईत."

मी पाणी ओतून पाय धुवायला घेतले. माझ्या हाताखाली ते पाय थंड, जड, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे होते. तिला पाणी कोमट आहे की गार, हेही कळत नव्हतं.

"हौसाचं बी त्येच हाय ना? काल बघूनच वळाकलं मी. ती म्हनली दुकतंय. खोटं बोलली. माज्यासारकीच."

"हो," मी म्हणाले.

तिनं मान वळवली. मग विचारलं, "माज्यापास्नं गेलं का तिला?"

नोकरीत माझ्यासमोर पुष्कळ प्रश्न आले आहेत. काहींना खोटं उत्तर दिलं तरी चालतं, माणूस त्यानं सावरतो. ह्या बाईला खोटं बोलून उपयोग नव्हता; तिनं आयुष्यभर खोटं ऐकवलं होतं, तिला ते लगेच कळलं असतं.

"गेलं असेल," मी म्हणाले. "नक्की कुणालाच सांगता येणार नाही. माहेरून आणलं असेल, गावात लागलं असेल. पण एका घरात वर्षानुवर्षं राहिल्यानं लागू शकतं."

मी पट्टी बांधत राहिले. मी गाठ मारत होते तेव्हा ती म्हणाली, "सून आली तवा मला लई सुक झालं हुतं. लेक न्हाई मला."

मग ती उठली, पट्टी बांधलेल्या उघड्या पायांनी. चिंध्या तिथंच राहिल्या. सगळ्या बाया पडल्या होत्या त्या सावलीत ती गेली, हौसाच्या समोर बसली आणि दोन्ही पाय तिच्यापुढे लांब केले.

"बघ," म्हणाली. "मला बी हाय. तुज्या आधीपास्नं."

काही बाया उठून बसल्या. हौसा त्या पायांकडे बघतच राहिली, मग सासूच्या तोंडाकडे. तिनं हात पुढे करून म्हातारीच्या राहिलेल्या अंगठ्याला धरलं.

पहिल्यांदा बोलली ती सीताबाई. "आत्ये, ते चाकाचं आमी कवाच खरं मानलं न्हाई. गावाला डोळे हायेत." मग ती टोळीतल्या बाकीच्यांना म्हणाली, "दोघी बसून फोडतील. टोपल्या आपन वाहू. मुकादमाला खडी मोजायची हाय, पाय न्हाईत."

सगळं इतकं गोड झालं नाही. टोळीतली एक बाई न बोलता उठली, आपली पाण्याची घागर उचलून दूरच्या बाभळीखाली नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या टोळीत गेली. कुणी तिला अडवलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. गंगूबाई एवढंच म्हणाली, "तिला ल्हान पोरं हायेत."

संध्याकाळी डॉक्टर आले, दोघींना तपासून गोळ्या सुरू केल्या, आणि त्यांचा माणूस दर महिन्याला गावात फेरी मारतो तो ह्यांच्याकडेही येईल असं ठरलं. उरलेले दिवस मी सासू-सुनेला शिकवण्यात घालवले. ज्या पायाला दुखत नाही त्याला डोळ्यांनीच राखावं लागतं. पाणी आधी कोपरानं पारखायचं. वहाणा घालण्याआधी आतून हात फिरवायचा, खडा असला तर तो पायाला कळणार नाही. गफूरभाईंनी नगरहून मऊ रबर आणून टायरच्या वहाणांत बसवून घेतलं. स्वतःचा तळवा म्हातारीला वाकून दिसत नव्हता. मग हौसा तिचा बघायची आणि ती हौसाचा. पहिल्या दिवशी दोघी लाजल्या. सासूनं सुनेचा पाय हातात घ्यायचा म्हणजे तिकडे उलटी गंगा. दोन-तीन दिवसांत भांडू लागल्या. "नीट बघ, काल कुसळ ऱ्हायलं हुतं," "तुमीच पाय हलवताय, आत्याबाई." ते ऐकून मला जरा धीर आला.

निघताना

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी हौसाची पट्टी सोडली. जखमेच्या तळाला लालसर, दाणेदार मांस धरलं होतं. एवढ्यात आनंद मानावा इतकं चांगलं. मी पट्टी बांधत होते तेव्हाच छावणीवरून ज्ञानोबा आला. धुळीनं भरलेला, उन्हानं काळवंडलेला माणूस. वाटेत कुणीतरी अर्धवट सांगितलं असावं. तो लांबच थांबला, जवळ येईना.

गंगूबाई हातोडा बाजूला ठेवून उभी राहिली.

"ज्ञाना, मला महारोग हाय," ती म्हणाली. आवाज चढा, सगळ्या कामावर ऐकू जाईल असा. "तुजा जलम व्हायच्या आधीपास्नं हाय. हिला बी झालाय. हिला काडायचं आसंल तर आधी मला काडायचं. बोल."

आईच्या पायांकडे त्यानं बघितलं, बायकोच्या पट्टीकडे बघितलं. खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं, मग मानही पुसली. हौसा खाली बघत होती. तिचा पाय माझ्या हातात होता, आणि तो थरथरत होता ते तिला नाही, मला कळत होतं.

ज्ञानोबा पुढे आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"गोळ्या कवा द्यायच्या, शिष्टर? जेवायच्या आदी का मागनं?"

"जेवल्यावर," मी म्हणाले.

"आन् जेवान नसंल त्या दिशी?"

उत्तर रूथबाईंनी दिलं. "त्या दिशी सुकडी खाऊन द्यायची. पर चुकवायची न्हाई, एक बी दिस."

त्यानं मान हलवली, आणि ते वाक्य पाठ करून घेतल्यासारखं ओठांत पुटपुटलं. मग उठून आईच्या जागी बसला, हातोडा घेतला आणि दगड फोडायला लागला.

त्या संध्याकाळी मी लवकर झोपले. सकाळी आम्ही नगरच्या वाटेला लागलो, तोवर खडीचा आवाज सुरू झाला होता.